काडी करणे : अर्थ, उदाहरणे व हरकती

शब्दाचा अर्थ विचारला की माणूस अर्थ सांगतो, अशी माझी समजूत होती. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली आहे. तिथं आम्ल म्हणजे काय असं विचारलं तर आम्लाची व्याख्या मिळते. शेजारच्या आम्लानं परवा काय केलं, ते कोणी सांगत बसत नाही. आमच्या केनवडात पद्धत वेगळी आहे.

वाशीमला अनुप सरांनी वऱ्हाडी शब्द गोळा करायला एक समिती काढली होती. निकाल लागून नोकरी लागेपर्यंतचा काळ मोकळा असतो, आणि तो किती मोकळा असेल हे सांगता येत नाही, म्हणून मी नाव दिलं. मला दहा शब्द मिळाले. नऊ शेतीचे आणि स्वयंपाकाचे होते. ते दोन दिवसांत झाले. दहावा होता 'काडी करणे'.

अनुप सर महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे समितीचा तक्ता तसाच होता : अर्थ, वापराचे वाक्य, वाक्य बोलणाऱ्याचे नाव, वाक्यातील संबंधितांची नावे, दिनांक, सही किंवा अंगठा. शब्दाच्या चतु:सीमा तेवढ्या विचारल्या नव्हत्या.

सुरुवात मी जानराव आबांपासून केली. ते रोज ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली बसतात आणि गावातलं बहुतेक त्यांना माहीत असतं.

"आबा, काडी करणं म्हणजे काय?"

"काहून? कोनी केली?"

"कोणी नाही. मला फक्त अर्थ पाहिजे."

"अर्थ कायले पायजे? पंजाबरावले जाऊन ईचार, त्याच्या वावरातली विजेची डीपी दोन म्हैने कोनामुळं बसली नाई."

"कोणामुळे?"

"माह्यामुळं," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

मी वाक्य लिहिलं, आबांची सही घेतली आणि पडताळणीसाठी पंजाबरावांकडे गेले. एकाच स्रोतावर विसंबू नये, असं आम्हाला शिकवलेलं आहे. पंजाबरावांनी वाक्य ऐकून घेतलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"जानरावनं? त्याची ऐपत हाय काय माही काडी करायची? अर्ज म्याच चुकीचा भरला होता. लिह्य तसं."

मी तसंही लिहिलं. पण मग ते काडी करण्याचं उदाहरण राहत नव्हतं, म्हणून ते शेरा या रकान्यात गेलं.

पुढचे आठ दिवस असेच गेले. ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगे, आणि ते नाव तिसऱ्याचं. भांडणं नकोत म्हणून मी माणसांना अ आणि ब म्हणायचं ठरवलं. "अने बच्या ट्रॅक्टरच्या सौद्यात काडी केली," असं वाक्य वाचून दाखवलं, तर सगळे एकमेकांकडे बघू लागले. "अ कोन व?" जानराव आबांनी विचारलं. "आपल्या गावात कोनाचं नाव अ नाई. रिठदचा असीन." शिवाय समितीनंही माझा तक्ता परत पाठवला. वर लाल शाईत लिहिलं होतं : 'संबंधितांची पूर्ण नावे नाहीत. त्रुटीपूर्तता करावी.' मी त्रुटीपूर्तता केली.

एकूण एक्केचाळीस उदाहरणं झाली. त्यांवरून मी तीन अटी काढल्या, आणि त्या मला अजूनही बरोबर वाटतात. एक, काडी जाणूनबुजून केलेली असावी. चुकून झाली तर ती काडी नाही, गाढवपणा आहे. दोन, ज्याची काडी होते त्याला ती होताना कळू नये. समोरून आडवं येतात त्याला खोडा घालणं म्हणतात. काडी मागून होते. तिसरी अट जानराव आबांनी दिली. काडी करणाऱ्याला त्यातून काही मिळता कामा नये. "फायदा झाला त तो धंदा झाला," ते म्हणाले. "काडी म्हंजे निसती हौस."

उदाहरण क्रमांक सत्तावीस आमच्या घरातलं आहे. ते मी मागितलं नव्हतं. आई तुरी निवडत होती आणि मी पलीकडे बसून वाक्यं उतरवत होते.

"गावभर फिरून राह्यली, घरचंच घे ना," आई म्हणाली. "सरिताच्या पहिल्या सोयरिकीत त्या चतुराबाईनं काडी केली. लिह्य."

विचारून मिळवलेल्या वाक्यापेक्षा आपोआप आलेलं वाक्य जास्त मोलाचं असतं. मी लिहिलं. पुरावा काय, हेही विचारलं.

"पुरावा? ते मालेगावकडचे पाव्हने गाडीतून उतरले अन् तिच्या दारावरून आले. दुसऱ्या दिवशी नकार."

चतुराबाई काकूंचं घर रस्ता आणि आमचं घर यांच्या मधे आहे. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या दारावरूनच येतो; मीही येते. पण अर्थाच्या दृष्टीनं वाक्य निर्दोष होतं. आईनं सही केली. रत्नमाला देवानंद, असं तिनं पूर्ण नाव लिहिलं.

तक्ता वाशीमला गेला आणि दोन महिने काही कळलं नाही. त्या दोन महिन्यांत सरिताताईला रिठदहून स्थळ आलं. मुलगा विनोद. वाशीमला एका तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, नुकताच कायम झालेला. बघणं झालं, पसंती झाली, आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी ठरलं. ताईला तो आवडला होता. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं; पण पूर्वी तिचा फोन दिवसातून एकदा चार्जिंगला लागत असे, तो आता दोनदा लागू लागला. मी नोंद ठेवली नव्हती, पण लक्षात येण्याएवढा फरक होता.

त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, ग्रामपंचायतीच्या फलकावर समितीचे चार कागद लागले.

यात समितीनं काही लपवलं नव्हतं. नियम सात मी स्वतः वाचला होता : संकलित उदाहरणे त्या-त्या गावच्या फलकावर सात दिवस हरकतींसाठी लावण्यात येतील. वाचताना मला तो नियम फार शास्त्रशुद्ध वाटला होता.

मी पोहोचले तेव्हा फलकासमोर निवडणुकीच्या यादीसमोर असते तेवढी गर्दी होती. लोक चिडलेले असतील या अपेक्षेनं मी मागे उभी राहिले. लोक चिडलेले होतेच, पण कारणं निराळी होती.

"माह्या दोन काड्या अन् एकच लिहिली," असं कोणीतरी म्हणत होतं.

"तुही एक तरी हाय. आमच्या वॉर्डाचं नावच नाई यादीत."

"ह्ये पंजाबराव पाह्य, तीन ठिकानी. अन् तिन्ही ठिकानी खाल्ली, केली एकबी नाई."

पंजाबरावांनी तिथंच कागद मागून हरकत लिहायला घेतली. एवढ्यात एकानं मोठ्यानं सत्तावीस नंबर वाचला, आणि 'पहिल्या' या शब्दावर तो जरा थांबला.

तो एक शब्द मी विचारातच घेतला नव्हता. ताईची आधी एक सोयरीक मोडली होती, हे रिठदकरांना माहीत नव्हतं. आम्ही ते लपवलं नव्हतं; त्यांनी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. या दोन्हींतला फरक आमच्या घरात सगळ्यांना कळत होता. रिठदला कळेल की नाही, हा प्रश्न होता. आमच्याकडे मुलीची सोयरीक एकदा मोडली की पुढचा माणूस आधी विचारतो, का मोडली? आणि 'माहीत नाही' हे उत्तर कोणी धरत नाही.

दुपारपर्यंत कागदाचा फोटो रिठदला पोहोचला होता. केनवडहून रिठदला माणूस पोहोचायला याहून जास्त वेळ लागतो.

आई काही बोलली नाही, कारण सही तिची होती. बाबा शिक्षक आहेत, वर्गात जसं बोलतात तसंच म्हणाले, "वैभवी, हे लिहिताना तुला काही वाटलं नाही?"

"तेव्हा स्थळ आलं नव्हतं," मी म्हटलं. हे खरं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

ताई तर मला काहीच म्हणाली नाही. तिचा फोन त्या दिवशी खिडकीत तसाच पडून होता आणि संध्याकाळीसुद्धा त्यात पंचाऐंशी टक्के शिल्लक होते. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी मी कागद काढून घ्यायला गेले. शिपाई म्हणाला, "म्याडम, लावायचा आदेश हाय. काढायचा नाई आला." मी अनुप सरांना फोन केला.

"उदाहरण वगळता येईल," सर म्हणाले. "नियम आठ. संबंधित व्यक्तीनं स्वतः लेखी हरकत घ्यावी."

"मग माझ्या बहिणीचा अर्ज देते."

"बहीण नव्हे. वाक्यात जिच्यावर कृतीचा आरोप आहे ती. नाव काय? चतुराबाई. त्यांचा अर्ज आणा, मी त्याच दिवशी वगळतो."

चतुराबाई काकूंशी आमच्या घराचं बोलणं दोन वर्षांपासून बंद होतं. आधी त्यांच्याकडून दूध यायचं. ती सोयरीक मोडली त्याच आठवड्यात आईनं दूध बंद केलं आणि कारण सांगितलं नाही. कारण सांगणं हे आईच्या मते समोरच्याला संधी देणं असतं.

काकू गोठ्यात होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"दोन वर्सानं वाट सापडली काय व?"

मी सगळं क्रमानं सांगितलं. आधी समिती, मग तक्ता, मग नियम सात आणि आठ. त्यांनी ते सगळं ऐकून फक्त सत्तावीस नंबर परत वाचायला लावला. मी वाचला.

"म्या?"

"असं आईचं म्हणणं आहे."

"म्या सरिताची काडी केली? माह्या हातावर न्हाली ते पोरगी!" मग त्यांना दुसरंच काही आठवलं. "थांब. म्हून तुह्या मायनं दूध बंद केलं?"

"हो."

"ओ माय! मले वाटलं दुधात खोट हाय. दोन वर्सं म्या या म्हशीले बोलून राह्यली! हिची वैरन बदलली, ढेप बदलली, डाक्टर बलावला, दोन डाव इंजेक्शन देल्लं." त्या म्हशीकडे वळल्या. "अन् हे बिचारी मुकाट्यानं घेत गेली!"

मी विषयावर यायचा प्रयत्न केला. हरकतीचा मसुदा मी लिहूनच नेला होता : 'माझ्याविषयीचे उदाहरण वगळावे.' काकूंनी तो वाचला, पेन घेतलं आणि 'वगळावे' खोडलं.

"वगळायचं कायले? सोमवारपासून साऱ्या गावानं वाचलं. आता कागद काढला त लोकं म्हनतीन, बाईनं हातापाया पडून काढून घेतला. नाई. कागद तठीच राहू दे. खाली लिह्य, चतुराबाईनं नाई केली. अन् कोनी केली त्याचं नाव लिह्य. तवर मी तो कागद हालू देत नाई."

"पण काकू, रविवारी साक्षगंध आहे."

"तुमचं साक्षगंध हाय, माही अब्रू हाय."

त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. मी तो अर्ज तसाच पाठवला. अनुप सरांचं उत्तर बुधवारी आलं : 'हरकत प्राप्त. कर्ता निश्चित होईपर्यंत उदाहरण प्रलंबित. फलक कायम.' चतुराबाई काकू त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ग्रामपंचायतीसमोरून एक चक्कर मारून कागद जागेवर आहे ना बघू लागल्या.

गुरुवारी रिठदहून फोन आला. विनोदची आजी तुळसाबाई उद्या येणार आहेत, बोलायचं आहे, एवढंच. बाबांनी फोन ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. ते सरळच होतं.

शुक्रवारी अकरा वाजता दारात ऑटो थांबला. आधी विनोद उतरला आणि त्यानं आजीला हात दिला. आजींनी तो घेतला नाही. जय भीम झालं, पाणी झालं. ताई आतल्या खोलीत होती आणि दार बोटभर उघडं होतं. विनोद त्या दाराकडे बघायचं नाही असं ठरवून बसला होता, त्यामुळे त्याला दुसरीकडे बघणं कठीण जात होतं.

"आजी, आमचं चुकलं," बाबांनी सुरुवात केली. "ती पहिली सोयरीक..."

"मास्तर, थांबा जरा. कागद कोनी लिहिला?"

"मी," मी म्हटलं.

"अक्षर चांगलं हाय. पन एक्केचाळीस वाक्यं, अन् रिठदचं एकबी नाई?"

"माझ्याकडे फक्त केनवड होतं."

"आमच्या गावात काय सारे साधूसंत राह्यतेत?" त्यांनी पदर सावरला. "बरं. सत्तावीस नंबर चुकीचा हाय. त्या बाईनं नाई केली."

आईनं पहिल्यांदाच मान वर केली. "तुमाले काय माहीत?"

"म्या केली."

 विनोद म्हणाला, "आजी?" त्याच्या आवाजावरून त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे स्पष्ट झालं.

आजींनी जे सांगितलं ते असं. तीन वर्षांपूर्वी त्या केनवडात एका लग्नाला आल्या होत्या. शेवटच्या पंगतीला भात कमी पडला. आचारी आणि वधूपिता एकमेकांवर ओरडत होते, तेव्हा एका मुलीनं भाताचा गंज स्वतःच्या हातात घेतला आणि सगळ्यांना थोडा-थोडा वाढत शेवटच्या पानापर्यंत नेला. वधूपित्यालाही थोडाच वाढला आणि तसं तोंडावर सांगितलं. आजींनी चौकशी केली : देवानंद मास्तरांची थोरली. त्यांनी तिथंच मनात ठरवलं. पण विनोद तेव्हा कंत्राटी होता, आणि कंत्राटी नातवासाठी मास्तराच्या घरी जायचं कसं?

पुढचं आमच्या भागातल्या रिवाजामुळे घडलं. मुलीची चौकशी नातेवाइकांत करत नाहीत. ते चांगलंच सांगतात. शेजाऱ्यांत करत नाहीत. ते वाईटच सांगतात. म्हणून पाहुणे फाट्यावर उतरतात आणि ज्याचा कोणाशी संबंध नाही अशा माणसाला विचारतात. त्या लग्नानंतर वर्षभरानं मालेगावकडचे पाहुणे फाट्यावर उतरले तेव्हा तिथं ऑटोची वाट बघत एक परगावची म्हातारी बसली होती.

"त्यायनं मलेच ईचारलं," आजी म्हणाल्या. "आता माह्या पुढ्यात येऊन ईचारलं त मी काय करू?"

"तुमी काय सांगतलं?" आईनं विचारलं.

"एकबी शबुद खोटा नाई बोलली."

मला तिसरी अट आठवली. काडीत फायदा नसावा, आणि इथं तर नातसून मिळत होती. म्हणजे व्याख्येनुसार हा प्रकार धंद्यात जात होता. मी हे सांगायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते परत मिटलं.

आतलं दार उघडलं आणि ताई बाहेर आली. विनोद उठून उभा राहिला. उभं राहण्याचं काही कारण नव्हतं.

"आजी, काय सांगितलं माझ्याबद्दल?" ताईनं विचारलं.

"सांगतलं, पोरगी लाखात एक हाय. पन तोंडावर बोलते. नवऱ्याचं चुकलं त चार लोकायत सांगीन, सासऱ्याचं चुकलं त आठ लोकायत. म्हनलं, तुमाले चालत असीन त जा बापा. ते तठूनच मागं फिरतीन असं वाटलं होतं. पन इथवर येऊन चहा पेऊन गेले, मंग नाई म्हनले."

ताई हसली नाही. विनोदकडे वळली.

"तुम्हाला चालेल?"

"काय?"

"जे आजींनी सांगितलं ते."

"मले त..." विनोदनं आजीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि मग कोणाकडेच न बघता म्हणाला, "तुमी मले पहिल्याच दिवशी फोनवर सांगतलं होतं, का शर्टाचा रंग चांगला नाई. मी तो बदलला."

"मग माझं म्हणणं ऐका," ताई आजींना म्हणाली. "रविवारी साक्षगंध होईल. पण त्याआधी तुम्ही काकूंच्या घरी जायचं आणि हे त्यांना स्वतः सांगायचं. आमच्यातलं कोणी सोबत येणार नाही."

"आन् नाई गेली त?"

"तर चार लोकांत सांगेन."

आजींनी माझ्या आईकडे, मग बाबांकडे बघितलं. आपली निवड बरोबर होती याचं समाधान आणि ती आपल्याच अंगावर आली याचा राग, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्या उठल्या आणि चपला घातल्या.

चतुराबाई काकूंचं दार आजींच्या मागे बंद झालं. आम्ही ओट्यावर उभे राहिलो. पहिली दहा मिनिटं आवाज येत होते. नंतर आवाज बंद झाले आणि आई घाबरली. "जा व, पाह्यून ये," ती मला दोनदा म्हणाली. पाऊण तासानं दार उघडलं आणि दोघी बरोबर बाहेर आल्या. काकूंनी आईकडे बघितलं. आई ओटा उतरून पुढं गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. आई पदरानं तोंड पुसत परत आली, एवढं बघितलं. आजी मात्र माझ्यापाशी थांबल्या आणि त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं.

"शिक्शन किती झालं व तुहं?"

"एम.एस्सी."

"उंची?"

मी सेंटिमीटरमध्ये सांगितली. काकूंनी मान डोलावली आणि दोघी एकमेकींशी हळू बोलत ऑटोपर्यंत गेल्या. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

रविवारी साक्षगंध झालं. मंडपात मी ताटं मोजत होते, तेव्हा एक अनोळखी गृहस्थ चतुराबाई काकूंपाशी येऊन बसले. त्यांनी काहीतरी विचारलं आणि माझ्या दिशेनं हनुवटी केली. काकू बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या, हातवारे करून. मधेच तुळसाबाई आजी आल्या आणि त्यांनीही भर घातली. गृहस्थ एकदा हसले आणि एकदा गंभीर झाले. काय सांगितलं जात होतं, त्याला आधार काय होता, यातलं मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी ताटं खाली ठेवली आणि तिकडे निघाले.

ताईनं वाटेत माझा हात धरला. तिच्या उजव्या हातात अंगठी नवी होती आणि जरा सैल होती, म्हणून तिनं डाव्या हातानं धरला.

"बस खाली," ती म्हणाली. "चौकशी ज्याची त्यानं ऐकायची नसते."